वीतभर सांद

बायकोचं सरण रचणं चालू होतं आणि चाचा भांडायला लागला.

अमरावतीहून एसटीने आला होता. ऐंशीच्या घरातला माणूस, डोळ्यांत मोतीबिंदू, हातात काठी. मला वाटलं, येईल, पाठीवर हात ठेवील, दोन शब्द बोलेल. तो माझ्याकडे आलाच नाही. थेट लाकडांकडे गेला. माझा साळा आणि गल्लीतली पोरं बाभळीची लाकडं रचत होती, एकावर एक, घट्ट. चाचाने मध्ये काठी घालून पाहिली. काठी गेली नाही.

"अबे, सरण लावून राहिले का थप्पी?" तो ओरडला. "इतकं ठासून भरलं तं हवा कुठून जाईन? नुसता धूर होईन. बेटी अर्धीच राहीन माही!"

साळा म्हणाला, "चाचा, तुमी बाजूले बसा. तुमच्यात पुरतात. तुमाले यातलं काय समजते?"

"पुरतात म्हून काय झालं? आग तं सगळ्याईची एकच हाय नं! काढ ते लाकूड. तेही काढ. मधात उभी सांद ठेव."

साळ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काढ बापा. तो म्हणते तसं कर." त्याने काढली. चाचा काठीने दाखवत गेला, इथी, मंग इथी, मंग तिथी. सरण चांगलं पेटलं. धूर झाला नाही. मग तो माझ्याजवळ येऊन बसला आणि हुंदके देऊन रडला. माझ्याआधी तो रडला हे मला तेव्हा आवडलं नाही. अजूनही आवडत नाही.

आता हा माणूस कोण, ते सांगतो. मी चौथी शिकलेला हमाल आहे, हमालांचा मुकादम होतो, तेव्हा सांगणं थोडं मागंपुढं होईल. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं, नाहीतर ठेवून द्यावं.

कापसाची ती वाईट वर्षं होती. अकोल्याच्या एमआयडीसीत आमच्या शेठने नवं गोदाम बांधलं. बियाणं, कीडनाशकं, फवारणीचे पंप, हा सगळा माल तिथे उतरायचा आणि तिथून धामणगाव, भातकुली, दर्यापूर, साऱ्या वऱ्हाडातल्या दुकानांत जायचा. त्या वर्षांत गावागावातून ज्या बातम्या यायच्या, त्या ऐकून कीडनाशकाच्या डब्यांकडे पाहवत नव्हतं. पण माल उचलणं हे काम होतं. उचलायचो.

शेठचं जुनं गोदाम म्हणजे चार भिंती आणि टिन. आम्ही थप्पी लावायचो ती टिनाला टेकेपर्यंत. गोदामात रिकामी जागा दिसली की शेठचा जीव खालीवर व्हायचा, जसं काय तिथून कोणी त्याचा जमीन-जुमला चोरून नेत आहे. पण आता माल देणारी मोठी कंपनी आडवी आली. म्हणे, लोखंडी रॅक लावा, वर पाण्याच्या फवाऱ्याची लाईन टाका, सगळं नियमात बसवा, तरच माल मिळेल. शेठने नागपूरच्या एका रॅकवाल्याला काम दिलं. त्या रॅकवाल्याने नकाशा करायला चाचाला पाठवलं.

चाचा अमरावतीचा. तिकडच्या एका कापडगिरणीत आगीच्या खात्यात जमादार होता. गिरणी बंद पडली, पण चाचाच्या अंगातून गेली नाही. वैशाखात अकोल्याला डांबर वितळतं, त्या उन्हात हा गिरणीचा खाकी कोट घालून यायचा, गळ्यापर्यंत बटणं लावून. खिशात फवाऱ्याच्या चारदोन काचेच्या शिश्या. बोटाच्या पेरापेक्षा लहान, आत लाल पाणी. ही शिशी फवाऱ्याच्या तोंडात बुचासारखी बसते. खाली आग लागली की तापते, फुटते आणि पाणी सुटतं. चाचा त्या शिश्या तळहातावर घेऊन त्यांच्याशी बोलायचा. "काय म्हणता बेगम, निंद येऊन राहिली का?" आमच्या टोळीतले हमाल म्हणायचे, बुढ्याचा स्क्रू ढिला आहे.

तो सांगायचा, हे सगळं काम त्याला गिरणीतल्या इंग्रज साहेबाने शिकवलं. हे त्याने इतक्यांदा सांगितलं की एक दिवस माझ्या बायकोने बोटांवर हिशोब केला.

"चाचा, इंग्रज गेला तवा तुमी चड्डीत असान."

"तं?"

"तं मंग शिकले कवा?"

"चड्डीतच शिकलो!" चाचा म्हणाला आणि चहाचा कप तोंडाला लावला. पुढच्या आठवड्यात साहेब स्कॉटलंडचा झाला.

माझी बायको तिथेच काम करायची हे सांगायचं राहिलं. गोदामाच्या मागच्या बाजूला आठ-दहा बाया बसायच्या. फाटलेली पोती शिवायच्या, फुटलेली खोकी टेपने चिकटवायच्या, गळके डबे बाजूला काढायच्या. पुढे आमची हमालांची आरडाओरड, मागे यांची. मध्ये रॅकच्या उंच रांगा.

तर नकाशा. आम्हाला वाटलं, कागदावर काढील. याने गोदामाच्या फरशीवर चुन्याने काढला, जसाच्या तसा, पूर्ण मापाचा, कबड्डीच्या मैदानासारखा. मग आम्हाला म्हणाला, "चला, रॅक बना."

"म्हंजे?"

"म्हंजे उभे राहा इथी. हात आडवे. डोक्यावर खोकं."

दोन रांगा केल्या आमच्या, पाठीला पाठ चिकटवून. मी मुकादम, तरी मलाही उभं केलं. हा बाबा शिडीवर चढला, हातात फुलझाडांना पाणी घालायची झारी. आणि वरून धार सोडली. पाणी खोक्यांवर पडलं, पुढे ओघळलं, आमच्या तोंडावरून, पोटावरून खाली गेलं.

"पाठ भिजली का?"

"नाही भिजली."

"आता सरका. मधात एक वीत सोडा. माही वीत, तुमची नाही." खाली उतरून त्याने स्वतःचा पंजा दोघांच्या पाठीमध्ये घालून मोजला. पंजा कसला, सूप होतं. मग पुन्हा शिडी, पुन्हा झारी. आता पाणी मधल्या सांदीतून सरळ खाली आलं. पाठ, कंबर, टाच, सगळं ओलं.

"आता भिजली का?"

"भिजली, चाचा. लेंगा पण भिजला. थांबा आता!"

"ध्यानात ठेवा बे. समोर आग लागली तं तूच लाथ मारून विझवशीन. आग लागते पाठीमागं, जिथी तुहा हात जात नाही. ही सांद असली तं गरम हवा सरळ वर जाते, शिशी फोडते, आन त्याच रस्त्यानं पाणी खाली येते. सांद नसली तं आग मालात लपून बसते. शिशीले पत्ताच लागत नाही."

असं ते सोपं होतं. प्रत्येक रांगेच्या पाठीमागे जमिनीपासून वरपर्यंत वीतभर सांद. सगळ्यात वरच्या खोक्यापासून फवाऱ्यापर्यंत दोन हात मोकळं. औषधांचे डबे खालच्या खणात, बियाणं वर. आणि मागच्या भिंतीला एक दार, बायांच्या बाजूला, जे कधीच मालाने झाकायचं नाही. शेठला ते दार बुजवायचं होतं. म्हणे, मागच्या दाराने चोरी होते. चाचा म्हणाला, "समोरच्या दारातून तुमी सोता चोरी करता, तवा मी काही म्हणतो का?" शेठ हसला, कारण चार माणसांत दुसरं काय करणार. दार राहिलं.

दाराचं त्याला वेडच होतं. कुठे लग्नाला गेला की नवरानवरीकडे न पाहता मांडवाला दोन वाटा आहेत का ते पाहणार. एकच असली तर जेवणाच्या पंगतीत वाटेजवळ बसणार आणि यजमानाला ऐकू जाईल अशा शिव्या देणार. रिद्धपूरला कोणाच्या नवसाच्या जेवणाला गेला, तिथे भांडला. स्वतःच्या मशिदीत ईदला भांडला. "देवाले काय आन अल्लाले काय, दरवाजे दोन पायजेत," असं म्हणायचा. त्याला दोन्हीकडचं बोलावणं हळूहळू कमी झालं. बरं, स्वतः शहाणा होता म्हणावं तर तेही नाही. पावसाचा अंदाज सांगायचा आणि तो दरवेळी चुकायचा. तो छत्री घेऊन आला की आम्ही पापड वाळत घालायचो.

गोदामाचा मुहूर्त अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला होता. शेठला होम करायचा होता. पुढच्या भागात बांधणीची खोली होती, तिचं छत बुटकं, फवारा माणसाच्या डोक्यापासून जरा वर. चाचाने होमाला आलेल्या महाराजांना सांगितलं, होम बाहेर अंगणात करा.

"उंबऱ्याच्या आतच होम पाह्यजे," महाराज म्हणाले.

"आत केला तं वरून पाऊस पडीन."

"म्हंजे शुभच हाय."

चाचा म्हणाला, "मंग करा," आणि कोपऱ्यात स्टुलावर जाऊन बसला. त्याने पाय वर घेतले. तेव्हाच मी समजायला पाहिजे होतं.

शेठाणीची पैठणी, शेठचं धोतर, पाहुणे, आंब्याच्या पानांची तोरणं. महाराजांनी तूप ओतलं, ज्वाळा वर गेली. पुन्हा ओतलं. तिसऱ्यांदा ओतलं आणि वर टक् असा आवाज आला. बस्, तेवढाच आवाज. मग जे पाणी आलं ते पाणी म्हणावं की काय. पाईपात बसून बसून काळं झालेलं, तेलाचं, गंजाचं, मेलेल्या उंदरासारख्या वासाचं. आणि ते काय थेंब थेंब आलं नाही, बाप्पा! महाराज बसल्या जागी विझले. शेठाणी अशी किंचाळली की बाहेरच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला. शेठ "बंद कर, बंद कर" म्हणत चाचाकडे धावला आणि घसरून पडला.

आणि चाचा स्टुलावर उभा राहून टाळ्या पिटत होता. "एकच फुटली! पाहा, एकच! सिनेमातल्यासारख्या सगळ्या नाही फुटत. जिथी आग तिथीच. चालते! लाईन चालते!"

त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस असावा. माझी बायको तोंडात पदराचा बोळा कोंबून भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. पुढे कधी घरात भांडण झालं की मी नुसतं "महाराज विझले" म्हणायचो आणि ती हसायची. भांडण तिथेच संपायचं. आता हे कोणाला म्हणू?

मृग जवळ आला तसा खरा खेळ सुरू झाला. नागपूर-हैदराबादकडून ट्रकवर ट्रक. बियाण्याला त्या वर्षी मारामार होती, ज्याच्या गोदामात माल जास्त तो राजा. शेठच्या डोळ्यांत ती सांद खुपायला लागली. एवढ्या रांगा, प्रत्येक रांगेमागे वीतभर जागा, नुसती हवा! वर दोन हात, तीही हवा!

"मुकादम, आत सरकवा. सांदीत पंपाची खोकी उभी बसतात," शेठ म्हणाला.

चाचा मध्ये पडला. "शेठ, माल तुमचा, हवा माही. हवेले हात लावू नका."

"भाडं तुम्ही भरता का हवेचं?"

"सांद बुजवली तं मी कागदावर सही करत नाही. काम पुरं झालं असं लिहून देत नाही."

"नका देऊ. राहा इथेच."

तर तो राहिला. नागपूरवाला बोलावत होता, हा जाईना. गोदामाच्या वॉचमनच्या खोलीत खाट टाकली आणि सकाळी उठून सांदी तपासायचा, डॉक्टर घसा पाहतो तसा वाकून. शेठने आमच्याकडून सांदी भरून घेतल्या. सकाळी पाहतो तर खोकी बाहेर, ओळीने मांडलेली. पुन्हा भरल्या. पुन्हा बाहेर. मला वाटलं, चाचा काढतो. पण त्याला तर गुडघ्यांमुळे खोकी उचलताही येत नव्हती धड.

काढत होत्या बाया. आमच्या आधी यायच्या आणि काढायच्या. पुढारी कोण, तर आमच्याच घरची.

मी घरी विचारलं, "काहून करून राहिली हे?"

"तुमी कुठी बसता?" ती म्हणाली.

"समोर. ट्रकपाशी."

"आन मी कुठी बसतो?"

"मागं."

"मंग कळलं नं," ती म्हणाली आणि ताट वाढलं. एका टोकाला भाकर, दुसऱ्या टोकाला ठेचा, मध्ये सगळं ताट रिकामं. मी म्हटलं, भाजी? ती म्हणाली, "भाजीच्या जागी सांद सोडली. चाचाची हाय, हात लावू नका."

तसं तीन सांजा जेवलो. मग मी टोळीला सांगितलं, सांदीत माल घालायचा नाही, शेठला माझं नाव सांगा. शेठने माझ्या बापाचा उद्धार केला आणि स्वतःच्या भाच्याला कामाला लावलं. भाचा बाहेरचे मजूर आणून संध्याकाळी भरायचा, बाया सकाळी काढायच्या. मागच्या दाराशीही तो खोकी लावायचा, बाया तीही सरकवायच्या. भाचा त्यांना म्हणाला, कामावरून काढून टाकीन. माझी बायको म्हणाली, "काढ. पण आधी दारातून खोकी काढ, म्हंजे बाहेर जाता येईन."

चाचा हे सगळं पाहायचा आणि तिच्यासाठी रोज एक केळं आणून ठेवायचा. बक्षीस होतं ते त्याच्या मते.

आग लागली ती भर दुपारी. चाचाने इतके दिवस आमच्या तोंडाचे वास घेतले होते, बिडी प्यायला म्हणून शिव्या दिल्या होत्या. लागली ती बिडीने नाही. मागच्या रांगेवर ट्यूबलाईट होती, तिचा चोक तापला, जळून गळाला आणि सांदीच्या तोंडाशी पंपांच्या खोक्यांवर पडला. आत थर्माकोल. मी समोर ट्रकवर होतो. आधी वास आला, मग शटरमधून काळा धूर. आतून बायांचा आवाज. एकच मोठा आवाज, त्यात कोणाचा कोणता ते समजत नव्हतं.

मी उडी मारली आणि आत धावलो. चाचाने मागून माझी कॉलर धरली. त्या वयात त्याच्या हाताला एवढा जोर कुठून आला, माहीत नाही.

"सोड! माही बायको हाय आत!"

"समोरून जाशीन तं धुरात मरशीन. मागून जा, मागून! तिकडं दार हाय!" तो वर छताकडे पाहत होता आणि एखाद्या म्हशीला पान्हा फुटावा म्हणून विनवतात तसं म्हणत होता, "फूट, फूट माय, फूट..."

मी त्याच्या छातीवर बुक्की मारली. तेवढ्यात टक्. मग अजून एक टक्. आणि पाण्याचा तो घाणेरडा आवाज.

मी गोदामाला वळसा घालून मागे धावलो. दार उघडं होतं. बाया बाहेर येत होत्या, खोकत, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या पाण्याने भिजलेल्या. एक, मग दोन सोबत, मग एकीला धरून दुसरी. आमची सगळ्यात शेवटी आली. हातात जेवणाचा डबा. मला पाहिलं आणि म्हणाली, "इतका येळ कुठी होते?"

मी तिच्या हातातला डबा घेतला.

"चपला राह्यल्या आत," ती म्हणाली आणि मग खाली बसली.

बंब आला तोवर विझल्यात जमा होतं. एका रांगेचे थोडे खण जळाले. बाकी लोखंड काळं झालं. सांद त्या सकाळी मोकळी केलेली होती, म्हणून आग सरळ वर गेली, शिश्या वेळेत फुटल्या, पाणी त्याच वाटेने खाली आलं. बंबाच्या साहेबाने हे पाहून चाचाशी हात मिळवला. चाचाने हात मिळवला आणि लगेच विचारलं, "तुमच्या ऑफिसले दरवाजे किती?"

शेठ मात्र कपाळ बडवत होता. आग विझली याचं त्याला काही नाही. त्या रांगेतलं बियाणं भिजलं याचं. "आगीनं चार खण खाल्ले असते, यानं बुडवली अख्खी लाईन!" म्हणे. भिजलेली पोती दोन्ही बाजूंना तशीच पडून राहिली, कारण विम्याचा माणूस आल्याशिवाय हलवायची नव्हती. तो काही लवकर येईना. बाहेर वावरं कोरडी, पावसाचा पत्ता नाही, लोक आभाळाकडे पाहून राहिले आणि आमच्या गोदामात रॅकवर सरकी उगवली. पोत्याच्या विणीतून हिरवे कोंब बाहेर. चाचा प्रत्येकाला हाताला धरून नेऊन दाखवायचा. "यंदाची पयली पेरणी! शेठनं साधली!" हे शेठच्या कानावर गेलं आणि चाचाला अमरावतीची वाट दाखवली. जाताना तो शेठला सलाम करून गेला. सही केली नाही ती नाहीच.

पुढल्या उन्हाळ्यात रॅक दुरुस्त झाले, पुन्हा ट्रक लागले आणि शेठ मला म्हणाला, "आता सांद कशाला? एकदा जळालेलं पुन्हा थोडंच जळते?" हा त्याचा हिशोब. आता चाचा नव्हता अडवायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया आत गेल्याच नाहीत. गेटासमोर कडुनिंबाखाली बसल्या, डबे उघडून. भाचा आला, ओरडला. त्यांनी त्याला लोणचं दिलं. ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत गेली. फाटकी पोती शिवल्याशिवाय माल पुढे जात नाही आणि अकोल्यात पेरणीच्या तोंडावर पोती शिवणाऱ्या बाया कुठे मिळतात? माझी टोळीही बसली, कारण माझ्या घरात मलाही जेवायचं होतं. शेठ दुपारपर्यंत टिकला. मग गेटावर येऊन म्हणाला, "किती सोडू?"

माझी बायको उठली, आत गेली, रॅकच्या मागे पंजा पसरून लावला आणि म्हणाली, "इतकी."

हे चाचाला सांगावं असं मला फार वाटत होतं. भातकुलीला माल टाकायला गेलो, तिथून ट्रकवाल्याला सांगून अमरावतीला त्याच्या घरी गेलो. त्याची बायको म्हणाली, छतावर आहे, शेजाऱ्यांच्या गॅसच्या नळीकडे पाहून राहिला आहे. मी सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं, खूश होईल.

तो म्हणाला, "वीत कोणाची?"

"म्हंजे?"

"मोजली कोणाच्या हातानं?"

"आमच्या घरच्या बाईच्या."

"अबे गधड्या, तिचा हात लहान हाय!" चाचा किंचाळला. "चिमणीएवढा हात! सगळ्या रांगा कमी पडल्या असतीन!" आणि त्याने कोट अंगात घातला. मी त्याच्याआधी निघालो होतो, तरी तो माझ्याआधी अकोल्याला पोचला.

वॉचमनने त्याला समोरून आत घेतलं नाही. बायांनी मागच्या दाराने घेतलं. मी पोचलो तेव्हा तो रॅकमागे पंजा घालून उभा होता. पंजा आत जात नव्हता, अंगठा बाहेर राहत होता.

"पाहा! पाहा!" तो माझ्या बायकोवर ओरडत होता. "मी काय सांगतलं होतं? माही वीत! माही!"

"चाचा," ती म्हणाली, पोतं शिवता शिवता, मान वर न करता, "तुमचा हात मोठा हाय. पण तो अमरावतीत राहते. माहा लहान हाय, पण रोज इथी हाय."

चाचाने खाली बसून तिचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, सुईने खरवडलेली बोटं पाहिली. मग म्हणाला, "बरं. मंग एक बोट जास्त धरत जा, बेटी."

"धरतो."

"आडवं बोट."

"आडवं. बसा आता, चहा घ्या."

तेव्हापासून त्या गोदामात सांद म्हणजे एक वीत आणि एक आडवं बोट. रॅक त्या मापाने सरकवले, शेठने दात खाल्ले, पण सरकवले. आता शेठ नाही, भाचा बघतो. मी काम सोडून वर्षं झाली. परवा टोळीतला एक जण बाजारात भेटला. म्हणाला, बाया सगळ्या नव्या आहेत, पण माल लागला की मागं जाऊन मोजतात, वीत आणि एक बोट, आणि कमी पडलं तर हमालांच्या सात पिढ्या काढतात. कोणाच्या हाताचं माप, हे त्यांना ठाऊक नाही. त्याने मला विचारलं, "मुकादम, हे वरचं एक बोट कायचं हो?"

मी त्याला सांगितलं, हात लहान होता.